क्लीट्स: आधी पाय सोडवायला शिका, मग अडकवायला

रोड बाइक घेऊन चार-सहा महिने झाले, रविवारची पन्नास-साठ किलोमीटरची राइड अंगवळणी पडली, की ग्रुपमधलं कुणीतरी म्हणतंच, “आता क्लीट्स घे.” शेजारचा लगेच सांगतो, “घे, पण पडायची तयारी ठेव.” क्लीट म्हणजे बुटाच्या सोलला स्क्रूने बसवायचा, पेडलमध्ये अडकणारा छोटा तुकडा. पडायची तयारी ठेवायची काही गरज नाही. क्लीट्स लावून पडणारी बहुतेक माणसं जवळजवळ उभ्या सायकलवरून पडतात. सिग्नल लागतो, ब्रेक दाबला जातो, सायकल थांबते आणि मग आठवतं की पाय अडकलेला आहे. आधी पाय सोडवायचा आणि मग ब्रेक दाबायचा, हा क्रम अंगात मुरला की भीतीचं कारणच उरत नाही. पाय अडकवणं दोन दिवसांत आपोआप जमतं. मुद्दाम शिकावं लागतं ते सोडवणं, आणि पेडल निवडण्यापासून स्क्रू आवळण्यापर्यंतचा प्रत्येक निर्णय त्याच दृष्टीने घ्यायचा.

क्लीट जिच्यात अडकते त्या पेडलला ‘क्लिपलेस’ म्हणतात, आणि या नावाने नवा माणूस गोंधळतो. बूट ‘क्लिक’ होऊन अडकतो आणि नाव मात्र क्लिप नसलेलं. पूर्वी शर्यतीच्या सायकलींच्या पेडलला पुढे धातूचा पिंजरा असायचा, त्याला टो-क्लिप म्हणत. त्यातून चामड्याचा पट्टा ओवून पाय आवळायचा आणि थांबण्याआधी खाली वाकून हाताने तो सैल करायचा. स्कीइंगच्या बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणाऱ्या पकडी, बनवणाऱ्या फ्रान्समधल्या लूक कंपनीने १९८४ मध्ये आपलंच तंत्र पेडलला लावलं आणि १९८५ ची तूर द फ्रान्स बर्नार्ड इनोने त्या पेडलवर जिंकली. टो-क्लिप गेली, म्हणून क्लिपलेस. स्कीचा बूट पिळला की सुटतो, आणि तोच गुण या पेडलमध्ये आला आहे. टाच बाहेरच्या बाजूला फिरवली की क्लीट सुटते. घाबरून पाय सरळ वर ओढला तर ती घट्ट धरूनच राहते, कारण पेडल मारताना पाय निसटू नये यासाठीच ती बनवलेली आहे.

यातून मिळतं काय, हेही आधी स्पष्ट असावं. “पाय वर ओढून दुप्पट ताकद लागते” असं सांगणाऱ्यांवर फार विसंबू नका. ताकदीचा मोठा भाग घड्याळाच्या १ ते ५ च्या दरम्यान खाली दाबण्यातूनच येतो, पेडल कुठलंही असो. खरा फायदा असा की चवडा दर फेरीला बरोबर त्याच जागी राहतो. मिनिटाला नव्वद-शंभर फेऱ्यांच्या लयीतही पाय उडत नाही, खड्ड्यातून आणि स्पीडब्रेकरवरून जाताना पेडलवरून घसरत नाही, पावसात ओल्या पेडलची धास्ती राहत नाही. शिवाय सोल कडक असल्यामुळे तळवा वाकत नाही आणि चार-पाच तासांच्या राइडनंतर पाय कमी थकतात.

दोन स्क्रूची की तीन स्क्रूची

बाजारात नावं बरीच आहेत, पण सुरुवात करणाऱ्यासाठी प्रश्न एवढाच असतो. दोन स्क्रूची म्हणजे एसपीडी. शिमानोने ती १९९० मध्ये माउंटन बाइकसाठी आणली. क्लीट छोटी, धातूची आणि बुटाच्या सोलमध्ये खोल बसलेली असते, त्यामुळे चालताना जमिनीला रबर टेकतं. तीन स्क्रूची म्हणजे शिमानोची एसपीडी-एसएल किंवा लूकची किओ. ही क्लीट प्लास्टिकची, मोठी, तिकोनी असून सोलच्या बाहेर येते. तिच्यावर चालणं म्हणजे टाचा खाली ठेवून बदकासारखं चालणं, आणि गुळगुळीत फरशीवर ती सरळ घसरते.

रोड बाइकला तीन स्क्रूचीच हवी असं दुकानात सांगितलं जातं. ते मान्य करायची काही गरज नाही. आपल्या राइडमध्ये टपरीवर चहा असतो, देवळाच्या पायऱ्या असतात, पंक्चर काढायला मुरुमाच्या कडेला उतरावं लागतं. २००-३०० किलोमीटरच्या ब्रेव्हेमध्ये (ठरावीक वेळेत पूर्ण करायची लांब राइड) कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा, एटीएमची पावती घ्यायची, जेवायला बसायचं, असं दिवसभरात पंधरा-वीस वेळा खाली उतरणं होतं. अशा माणसाने पहिला जोड एसपीडीचा घ्यावा. पेडलच्या दोन्ही बाजूंना खाच असलेलं साधं एसपीडी पेडल घेतलं तर कुठली बाजू वर आहे हे बघावंच लागत नाही. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला खाच अशीही पेडलं मिळतात, उदाहरणार्थ शिमानोचं ईएच-५००. शहरातून रोज ऑफिसला जाणाऱ्याला ती फार सोयीची पडतात, कारण गर्दीतला पट्टा सपाट बाजूवर काढता येतो.

तीन स्क्रूचा फायदाही खराच आहे. पेडलचा पृष्ठभाग रुंद असल्यामुळे दाब तळव्यावर पसरतो, बूट हलके असतात, आणि शर्यत किंवा वेगवान ग्रुप राइड हेच ध्येय असेल तर पाय पेडलवर जास्त पक्का बसलेला जाणवतो. फक्त ही पेडलं एकाच बाजूने अडकतात. मोकळी सोडली की त्यांची मागची बाजू जड असल्याने ती खाली लोंबतात आणि पुढची चोच वर येते. ती चोच बुटाच्या टोकाने पकडायची सवय करावी लागते.

क्लीट घेताना ‘फ्लोट’ हा शब्द समजून घ्या. अडकलेला बूट न सुटता किती अंश डावी-उजवीकडे फिरू शकतो, तो फ्लोट. शिमानोच्या एसपीडी-एसएलमध्ये पिवळी क्लीट ६ अंश, निळी २ अंश आणि लाल शून्य. लूक किओमध्ये लाल ९ अंश, करडी साडेचार आणि काळी शून्य. लाल रंगाचा अर्थ दोन कंपन्यांत अगदी उलटा आहे, हे खरेदी करताना विसरू नका. नवशिक्याने शिमानोची पिवळी किंवा लूकची लाल किंवा करडी घ्यावी. शून्य अंशाची क्लीट गुडघ्याला चुकीच्या कोनात जखडून ठेवू शकते, ती सुरुवातीला नकोच.

एसपीडीमध्येही दोन जाती आहेत आणि इथे दुकानदाराला मुद्दाम विचारा. पेडलबरोबर सहसा काळी एसएच-५१ येते, ती फक्त टाच फिरवूनच सुटते. चंदेरी एसएच-५६ वर ‘एम’ कोरलेला असतो. ती टाच बाहेर किंवा आत फिरवून, आणि जोरात वर तिरकं ओढूनही सुटते. म्हणजे घाबरून केलेल्या चुकीच्या हालचालीलाही ती दाद देते. पहिल्या दोन-तीन महिन्यांसाठी एसएच-५६ वेगळी विकत घेणं हा या सगळ्यातला सर्वांत शहाणपणाचा खर्च आहे. तिचा तोटा असा की उभं राहून जोर लावताना पाय वर खेचला गेला तर ती नको तेव्हा सुटू शकते. म्हणून हात बसला की एसएच-५१ वर यावं.

बूट संध्याकाळी, राइडचेच मोजे घालून मापावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात आणि लांब राइडमध्येही तसंच होतं. बोटं पुढे टेकता कामा नयेत, टाच उचलता कामा नये. आपल्याकडे पुष्कळांचे चवडे रुंद असतात. अशांनी नंबर वाढवण्यापेक्षा त्याच नंबरात ‘वाइड’ साचा मिळतो का ते बघावं. नंबर वाढवला की टाच सैल पडते आणि सोडवताना पाय बुटातल्या बुटातच फिरतो. सोलला दोन भोकं आहेत की तीन, हेही पेडलशी जुळवूनच घ्या.

पेडल बसवताना

डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पेडलच्या दांड्यावर ‘एल’ आणि ‘आर’ कोरलेलं असतं, ते आधी वाचा. पाना वरच्या बाजूला धरून पुढच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही पेडलं आवळली जातात, मागच्या चाकाकडे फिरवला की दोन्ही सुटतात. एवढं लक्षात ठेवलं की डावं-उजवं, सुलटं-उलटं याचा विचार करावा लागत नाही. जुनं पेडल काढताना चेन पुढच्या मोठ्या चेनरिंगवर घ्या. पाना अचानक सुटला तर बोटं थेट उघड्या दातांवर जाऊन आपटतात, चेन असेल तर हात वाचतो. पेडल जाम असेल तर आट्यांवर गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर ठेवा आणि लांब दांड्याचा १५ मिमीचा पाना वापरा. कित्येक क्लिपलेस पेडलांना पान्यासाठी जागाच नसते, तिथे आतल्या बाजूने ८ मिमीची, काहींना ६ मिमीची ॲलन की लागते.

नव्या पेडलच्या आट्यांना ग्रीस लावा आणि पहिले चार-पाच फेरे फक्त बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर पेडल तिरकं बसतंय. तसाच पाना लावला तर ॲल्युमिनियमच्या क्रँकचे (पेडल जिथे बसतं त्या दांड्याचे) आटे जातात आणि खर्च पेडलच्या किमतीबाहेर जातो. शेवटी ३५ ते ४० न्यूटन-मीटरच्या जोराने, म्हणजे पान्याने चांगलं घट्ट.

क्लीट बसवताना घाई नको

गुडघा दुखणार की नाही, हे बरंचसं इथे ठरतं. बूट घालून, पट्टे लावून उभे राहा. अंगठ्याच्या मुळाशी चवड्याच्या आतल्या कडेला हाडाचा उंचवटा असतो, तो बुटावरून बोटाने चाचपा. तिथे बुटाच्या बाजूला कागदी चिकटपट्टी लावून पेनाने खूण करा. करंगळीच्या मुळाशीही तसाच उंचवटा सापडतो, तो थोडा मागे असतो. तिथेही खूण. आता बूट उलटा करून दोन्ही खुणांवरून सोलवर आडव्या रेघा ओढा. पेडलचा आस या दोन रेघांच्या मधोमध यायला हवा. एसपीडी-एसएल क्लीटच्या कडांवर आसाची जागा दाखवणारी बारीक रेघ असते. एसपीडीमध्ये दोन स्क्रूंच्या मधली आडवी रेघ आसावर येते असं ढोबळमानाने धरा. क्लीटचं निमुळतं टोक बुटाच्या बोटांकडे.

क्लीट जरा पुढे गेली तर पोटरी आणि घोट्यावर ताण येतो, बोटं बधिर होतात. मागे गेली तर फारसं बिघडत नाही. म्हणून शंका असेल तर दोन-तीन मिलिमीटर मागेच ठेवा.

कोनासाठी टेबलाच्या कडेवर बसा, पाय मोकळे लोंबू द्या आणि खाली बघा. बहुतेकांचे चवडे किंचित बाहेर वळलेले असतात, आणि डावा-उजवा सारखा नसतोच. प्रत्येक पायाचा जो नैसर्गिक कोन दिसेल तोच फ्लोटच्या मधोमध यावा अशी क्लीट फिरवा. दोन्ही बुटांवर हुबेहूब सारखी क्लीट लावायचा आग्रह धरू नका, पाय तसे नसतात.

स्क्रूंना ग्रीस लावायला विसरू नका. घाम, पाऊस आणि चिखल यांनी ते गंजून बसतात आणि सहा महिन्यांनी ॲलनची खाच गोल होऊन जाते. वॉशर तिरपे पडलेले नाहीत ना ते बघा. सगळे स्क्रू आलटून पालटून थोडे थोडे आवळत न्या, शेवटी ५ ते ६ न्यूटन-मीटर. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नसेल तर ४ मिमीच्या ॲलन कीच्या सात सेंटिमीटर लांब दांड्याच्या टोकाला साधारण आठ किलो वजनाइतका दाब, असा अंदाज ठेवा. चिमटीत धरून फिरवण्यापेक्षा हे बरंच जास्त आहे. मग बारीक मार्करने सोलवर क्लीटची बाह्यरेषा काढा. क्लीट सरकली तर लगेच कळेल, आणि पुढे नवी बसवताना सगळं मोजमाप पुन्हा करावं लागणार नाही.

स्प्रिंग पूर्ण सैल

बहुतेक पेडलांना क्लीट धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करायचा छोटा स्क्रू असतो, बहुधा अडीच किंवा तीन मिमीच्या ॲलन कीचा, बाजूला अधिक-उणेची खूण असलेला. राइडला निघण्याआधी तो उण्याकडे, खूण दाखवते त्या टोकापर्यंत सैल करा, त्यापलीकडे नाही. नवी पेडलं दुकानातून जशी येतात तशी नवशिक्याला घट्टच वाटतात. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या एसपीडीत प्रत्येक पेडलला दोन स्क्रू, म्हणजे जोडीला चार. तीन सैल केले आणि चौथा राहून गेला, तर बरोबर त्याच बाजूला पाय अडकलेला असताना सिग्नल लागतो. चारही मोजून करा. पुढे ताण वाढवायचाच असेल तर एका वेळी एकच टिकटिक, चारही ठिकाणी सारखी, आणि तीही पाय नको तेव्हा सुटायला लागला तरच.

सीटची उंचीही एकदा तपासा. पेडलच्या आसाच्या मध्यापासून तळव्यापर्यंतचं अंतर आता बदललेलं असतं. समजा, सपाट पेडल आणि जाड सोलचा स्पोर्ट्स शू मिळून ते ३७ मिमी होतं आणि नवं पेडल-क्लीट-सोल मिळून २५ मिमी आहे, तर तळवा आसाला १२ मिमी जवळ आला आणि पायाला तेवढं जास्त खाली पोहोचावं लागणार. मग सीट त्याच हिशोबाने खाली घ्यायची. हे केलं नाही तर कंबर दोन्हीकडे डुलते आणि गुडघ्याच्या मागे ओढ बसते, आणि दोष मात्र क्लीटला दिला जातो.

सराव: घरात, मैदानावर, मग रस्त्यावर

पहिला दिवस घरातच. सायकल दाराच्या चौकटीत किंवा भिंतीलगत उभी करा, एका हाताने आधार घ्या, ट्रेनर (सायकल एका जागी धरून ठेवणारा स्टँड) असेल तर उत्तमच. पेडल खाली, घड्याळात ६ वाजता जिथे काटा असतो तिथे आणा. बुटाचं टोक पुढे सरकवून क्लीटचं नाक पेडलच्या पुढच्या कडेत घाला आणि चवड्याने खाली दाबा. दाब टाचेने दिला तर ती अडकत नाही. आता टाच चाकापासून दूर, बाहेर फिरवा. सुरुवातीला काहीच होत नाही, तो फ्लोट. मग थोडा विरोध लागतो आणि खट्ट करून सुटतं. त्या विरोधापर्यंत जाऊन थांबायचं आणि परत यायचं, असंही दहा वेळा करा. सुटण्याची हद्द कुठे आहे हे पायाला माहीत व्हायला हवं. डावा पाय तीस वेळा, मग उजवा तीस वेळा.

दुसऱ्या दिवशी मोकळं मैदान किंवा सोसायटीचा रिकामा रस्ता. उजवा पाय अडकलेला, डावा मोकळा, अशा फेऱ्या मारा. मग चालत्या सायकलवर डावा अडकवा, दहा मीटर जा, सोडवा, पुन्हा अडकवा. नजर खाली न जाता हे जमेपर्यंत. थांबणं वीस वेळा करा, दर वेळी त्याच क्रमाने.

तो क्रम असा. थांबायच्या जागेच्या पंधरा-वीस मीटर आधी हलका गिअर घ्या, म्हणजे निघताना जोर लावावा लागणार नाही. मग डावं पेडल खाली येईल तेव्हा टाच बाहेर, पाय मोकळा. मोकळा पाय पेडलवरच टेकवून दोन-तीन मीटर जा. मग ब्रेक. सायकल थांबायला आली की सीटवरून पुढे उतरून दांडा दोन्ही पायांच्या मध्ये घ्या आणि डावा पाय जमिनीवर. इथे एक बारीक गोष्ट फार उपयोगी पडते: अगदी शेवटच्या क्षणी हँडल किंचित उजवीकडे वळवलं की अंगाचा तोल आपोआप डावीकडे जातो, म्हणजे मोकळ्या पायाच्या बाजूला. एक पाय सोडवूनही लोक पडतात ते तोल अडकलेल्या पायाच्या बाजूला गेल्यामुळेच. असं होऊ लागलं तर अडकलेला पाय सोडवायला वेळ मिळत नाही.

डावाच पाय का? आपण रस्त्याच्या डाव्या कडेने चालवतो. डावीकडे फूटपाथ असतो, उजवीकडे बस आणि रिक्षा. तोल गेलाच तर कडेला जावा. शिवाय चेन उजवीकडे असल्याने पोटरीला तेलही लागत नाही. पण महिनाभरानंतर उजवा पाय सोडवायचाही सराव ठेवा. डावीकडे उतार किंवा खोल गटार असेल तेव्हा तोच कामी येतो.

निघताना अडकलेल्या पायाचं पेडल घड्याळात दोनच्या जागी आणा आणि त्यावर उभं राहिल्यासारखा जोर द्या. त्या एका जोरात सायकल चार-पाच मीटर जाते. दुसरा पाय पहिल्या प्रयत्नात अडकला नाही तर चौकाच्या मध्ये खाली बघत बसू नका. बुटाचा मधला भाग पेडलवर ठेवून तसंच पेडल मारत चौक पार करा आणि पलीकडे सावकाश अडकवा. नजर खाली गेली की सायकल तिरकी जाते, आणि मागून येणाऱ्या दुचाकीला याची कल्पना नसते.

पहिले दोन-तीन आठवडे सकाळी सहाचीच वेळ बरी. गर्दीत दोन्ही पाय अडकवून ठेवायचा हट्ट नको. सिग्नल हिरवा असला तरी पुढे रिक्षा कडेला लागताना दिसली की डावा मोकळा करायचा. कुत्रं मागे लागलं तर पाय सोडवून लाथ मारायच्या भानगडीत पडू नका, तोल जातो. वेग कमी करा, पाय सोडवा, उतरा, सायकल आपल्या आणि कुत्र्याच्या मध्ये ठेवून चालत पुढे जा.

घाटाची गोष्ट वेगळी. कात्रज, दिवेघाट, सिंहगड, पसरणी, कुठलाही घ्या. चढावर पेडल थांबलं की सायकल सेकंदभरात थांबते, सोडवायला तो पंधरा मीटरचा अवकाश मिळत नाही. म्हणून वेग ताशी सहा-सात किलोमीटरवर आला, श्वास फुलला आणि पुढचं वळण जमेलसं वाटत नाही, तर पेडलवर अजून जोर शिल्लक असतानाच डावा पाय सोडवा आणि थांबा. पुन्हा निघताना सर्वांत हलका गिअर, कठड्याचा किंवा झाडाचा आधार. आधार नसेल आणि रस्ता दोन्हीकडून खरोखर रिकामा असेल, तर थोडं आडवं निघा. नाहीतर सपाट तुकड्यापर्यंत चालत जा, एसपीडीचे बूट असतील तर त्याचा काहीच त्रास नाही.

तरीही पडायची वेळ आलीच, तर हात लांब करून जमीन गाठायला जाऊ नका. मनगट आणि गळ्याजवळचं हाड मोडतं ते बरेचदा त्या हातामुळे. हँडल धरून ठेवा, खांदा आणि मांडी मिळून मार वाटून घेऊ द्या.

पाय सुटतच नाही तेव्हा

टाच फिरते, बूट फिरतो, पण खट्ट आवाज येत नाही. हे सर्वांत धोक्याचं लक्षण आहे आणि त्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: क्लीटचा एक स्क्रू सैल झाला आहे किंवा पडला आहे. दोन स्क्रूंपैकी एक गेला की उरलेल्या स्क्रूभोवती बूट गरगर फिरतो आणि क्लीट पेडलमध्ये जागच्या जागी राहते. कितीही पिळा, सुटणार नाही. अशा वेळी दुसरा पाय सोडवा, त्या बाजूला थांबा, खांबाला किंवा भिंतीला टेका, अडकलेल्या बुटाचे पट्टे उघडा आणि पाय बुटातून बाहेर काढा. बूट पेडललाच राहू द्या. मग पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू सैल करून बूट दोन्ही हातांनी क्लीटजवळ धरून फिरवा, निघतो. नव्या क्लीटचे स्क्रू पहिल्या ५० किलोमीटरनंतर थोडे बसतात, तेव्हा पुन्हा एकदा आवळा आणि पुढे महिन्यातून एकदा.

कधी उलट होतं, पाय अडकतच नाही. चिखलात किंवा मुरुमात उतरून आलात तर एसपीडीच्या क्लीटभोवती माती गच्च बसते. बूट पेडलच्या कडेवर दोनदा आपटा, नाहीतर काडीने काढा. कोकणातला जांभ्याचा लाल चिखल वाळला की सिमेंटसारखा होतो. तो ओला असतानाच पाण्याच्या बाटलीने धुऊन टाकलेला बरा.

गुडघा दुखू लागला तर राइड कमी करा आणि क्लीट बघा. पुढून दुखत असेल तर आधी सीट खाली आहे का ते तपासा. आतल्या कडेला दुखत असेल तर चवडे प्रमाणाबाहेर बाहेर वळलेले आहेत का, बाहेरच्या कडेला दुखत असेल तर आत वळलेले आहेत का, हे पाहा. एका वेळी एकच बदल, एक-दोन मिलिमीटरचा किंवा एखाद्या अंशाचा, आणि त्यावर पंचवीस-तीस किलोमीटर चालवल्याशिवाय दुसरा नाही. दोन बदल एकदम केले की कशाने बरं वाटलं ते कधीच कळत नाही. तीन-चार बदलांनंतरही दुखणं राहिलं तर फिजिओथेरपिस्टला किंवा बाइक फिट करणाऱ्याला दाखवा, गोळी खाऊन चालवत राहू नका. तळव्याची आग होणं आणि बोटं बधिर होणं हे मात्र बहुधा पट्टे फार आवळल्यामुळे असतं. दोन तासांनंतर पुढचा पट्टा एक खाच सैल करून बघा.

पावसाळ्यात प्रत्येक राइडनंतर पेडलच्या जबड्यावर साधं पाणी ओता, जुन्या टूथब्रशने घासा, फडक्याने कोरडं करा आणि स्प्रिंगच्या सांध्यावर चेनच्या तेलाचा एक थेंब सोडा. बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून सावलीत, पंख्याखाली वाळवा. उन्हात ठेवले की सोलचा चिकटवलेला थर सुटतो. प्लास्टिकच्या क्लीटवर रंगीत पट्ट्या असतात, त्या झिजून आतलं प्लास्टिक दिसू लागलं की क्लीट बदला. झिजलेली क्लीट चढावर उभं राहिल्यावर अचानक सुटते. बदलताना दोन्ही पायांच्या एकदमच बदला, नाहीतर दोन पायांचा ताण वेगवेगळा होतो. थांब्यावर चालायचं असेल तर त्यांच्यावर घालायची रबरी टोपणं मिळतात, ती जर्सीच्या खिशात मावतात.

ब्रेव्हेला निघताना सीटखालच्या पिशवीत ४ मिमीची ॲलन की, क्लीटचे दोन जादा स्क्रू आणि त्यांचे वॉशर ठेवा. स्क्रू चिकटपट्टीने ॲलन कीलाच गुंडाळून टाका. रात्री टॉर्चच्या उजेडात, घामेजल्या हातांनी पिशवी उपसावी लागली तरी ते एका जागी सापडतात.